ठेकेदाराचा देव

हेमराज ठेकेदाराने करारावर सही केली ती चहा पिता पिता. वाचायचं कोणाला सुचतं? आपल्याकडे करार वाचतात ते भांडण झाल्यावर.

आर्वीच्या मधुकररावांना किराणा दुकानामागे गोदाम बांधायचं होतं. काळी जमीन आहे, लोण्यासारखी खणली जाईल, या हिशेबाने हेमराजने कमी दर लावला. पायाचा खड्डा कमरेइतका खोल गेला आणि पहार वाजली, टण्ण! म्हशीएवढा दगड.

"भाऊ, हा फोडाचे पैसे वेगळे लागन."

"काऊन?" मधुकरराव दात कोरत म्हणाले. "करार पाय. जमिनीखाली काईबी निघो, निस्तराचं ठेकेदारानं."

दगड फोडायचं यंत्र भाड्याने आणलं तर सारी कमाई त्यातच जाणार. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूलाच हेमराजने दगडाला शेंदूर फासला. देव कोण फोडणार? जागा सरकवावी लागेल, आणि जागा सरकली की नवा करार, नवा दर!

सकाळी मधुकररावांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, खड्ड्यात डोकावून किंकाळीच फोडली. "माय वो! मारुती निघाला!"

दुपारपर्यंत नारळ घेतलेल्या बायांची रांग सडकेपर्यंत गेली.

"आता कसं करता भाऊ?" हेमराजने तोंड पाडलं. "नवा करार करा लागते."

मधुकररावांनी अनुप वकिलाला बोलावलं. त्याने आधी प्रसाद खाल्ला, मग करार वाचला. "काईबी म्हंजे काईबी. देवबी त्यातच आला. नवा खड्डा हेमराजचा. देवाचा ओटा, पूजा, शनिवारचा प्रसाद, थेबी हेमराजच पाहीन."

दुसऱ्याच शनिवारी, बुंदीची परात उचलता उचलता, हेमराज फुटला. "काकू, थो देव नाई! शेंदूर म्याच फासला! फोडू द्या मले!"

कौशल्याबाईंनी डोळे मिटून हात जोडले. "शेंदूर तुया हातचा असन बाप्पा. पण बुद्धी कोणं देल्ली तुले?" आणि त्याच्या हातात नारळ ठेवला. "फोडाचंच हाय तं हे फोड."

मुकाट्याने त्याने पलीकडे नवा खड्डा घेतला. कमरेइतकं खणून झालं आणि पुन्हा टण्ण!

या वेळी हेमराजने भाड्याचं यंत्र पदरच्या पैशाने आधीच आणून ठेवलं होतं. धडधड ऐकून कौशल्याबाई कुंकवाची थाळी घेऊन धावत आल्या, तोवर दगडाची खडी झाली होती.

"काय निघालं गा?"

"काई नाई काकू," हेमराज घाम पुसत म्हणाला. "मुरूम. साधा मुरूम."