पाठमोरे तात्या

आमचे शेजारी तात्या लोकगीतांच्या कार्यक्रमाला जातात आणि स्टेजकडे पाठ करून बसतात. तेही पहिल्या रांगेत. एकदा पणदऱ्यात लावणीला असेच बसले, तेव्हा नाचणारी बाई माइकवरून म्हणाली, "म्हातारं रुसलंय जणू!" सगळा मंडप हसला. तात्या हलले नाहीत. मला म्हणाले, "डोळं लबाड असत्यात. लुगडं बघून गळ्याला मार्क देत्यात."

ते स्वतः मार्क देतात ते एकाच शब्दात: "कच्चं!" कडवं संपायच्या आत, मोठ्याने. गोंधळी कच्चा, शाहीर कच्चा. वडगाव निंबाळकरला आयोजकांनी त्यांना गप्प करायला शाल-नारळ दिला. तात्यांनी शाल चिमटीत धरून पाहिली. तीही कच्ची निघाली.

या माणसाला मोटारसायकलवर गावोगाव न्यायचं काम माझ्याकडे आहे. वर, "ह्याला गाण्यातलं कळत न्हाय," असं ते चारचौघांत सांगतात. राग येतो. पण आता गाणं ऐकायला येतं तरी कोण? लोक फोन वर धरून उभे राहतात आणि घरी जाऊन ते शूटिंगही बघत नाहीत. हा म्हातारा निदान कान देऊन शिव्या घालतो.

त्यांचं खरं वैर थोरल्या भावाशी. आबा धनगरी ओव्या गातात. पूर्वी आबांनी ओळ टाकायची आणि तात्यांनी मागून तिचं टोक उचलायचं, त्याला झील म्हणतात. मग आबांनी ढोलाच्या जोडीला कीबोर्ड आणला. तात्या भर जत्रेत "कच्चं!" म्हणून स्टेजवरून उतरले, ते परत चढले नाहीत. बोलणंही बंद. आता आबांच्या मागे माणूस नाही, झील मशीनमधून वाजते. तरी त्यांचा एकही कार्यक्रम तात्या चुकवत नाहीत. दोघांपैकी आधी कोण बोलतो, याची वाट बघून आमचं अख्खं सणसर गाव कंटाळलं.

परवा इंदापूरकडच्या एका जत्रेत, भर दुपारी, आबांची ओवी चालली असताना वीज गेली. मशीन मुकं झालं. आबांनी ओळ टाकली आणि थांबले. पुन्हा टाकली. नजर तात्यांच्या पाठीवर.

"तात्या, उचला की," मी कानात म्हणालो.

तात्यांनी तोंड उघडलं. घशातून नुसती खरखर आली. तेवढ्यात वीज आली, मशीन दणक्यात सुरू झालं आणि आबांनी मान फिरवली.

परत निघताना मी चिडून म्हटलं, "सगळ्यांना नावं ठेवता, त्या मशीनमधल्या झीलला का न्हाय कधी कच्चं म्हणत?"

"कसं म्हणू? जुन्या कॅसेटवरनं घेतलीया आबानं. मीच हाय तो. दुसरा माणूस न्हाय घेतला त्यानं."

मी गाडीला किक मारली. मग तेच म्हणाले, "स्टेजकडं तोंड करून बसलो तर दिसतं, मी तितं न्हाय ते. पाठ केली की वाटतं, आमी दोघंबी वर हाय."

गाडी बरीच पुढे आल्यावर मागून आवाज आला, "वीज गेली तवा आबा कुणाकडं बघत व्हता?"

"तुमच्याकडंच, तात्या."

"आन् मीच कच्चा निघालो," तात्या म्हणाले.