पहिलं 'नको'

भूगोलाच्या बाईंनी केकची बशी पुढे केली तेव्हा मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. सकाळपासून पोटात कपभर चहाशिवाय काही गेलं नव्हतं. तरी वळण म्हणून ते म्हणाले, "नको नको, राहू द्या."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि बशी पुढच्या टेबलाकडे गेली.

मास्तरांचा हात तोवर अर्धा पुढे आला होता. त्यांनी तो तसाच वर नेऊन चष्मा सारखा केला आणि वह्या तपासायला घेतल्या. एका पोराचं बरोबर आलेलं गणित त्यांनी रागारागाने चूक ठरवलं, मग खोडून परत बरोबर केलं.

परक्या देशातल्या या शाळेत गणित शिकवायला येऊन त्यांना काही आठवडे झाले होते. भाषा कामापुरती बरी येत होती, मुलंही ऐकत होती. पण इथे कोणी दुसऱ्यांदा विचारतच नसे! मास्तरांच्या घरी पहिलं 'नको' म्हणजे नुसतं घसा साफ करणं. दुसरं चारचौघांत बरं दिसावं म्हणून. तिसऱ्या वेळी ताटावर आडवा हात धरायचा, तोही बोटं फाकवून, म्हणजे वाढणाऱ्याची अडचण होत नाही. इथे पहिल्याच 'नको'ला लोक मान देत आणि निघून जात.

व्यायामाच्या सरांनी एकदा गाडीतून विचारलं, "घरी सोडू का?" मास्तर म्हणाले, "कशाला उगाच तुम्हाला त्रास?" त्रास नको म्हटल्यावर सरांनी तो घेतला नाही. दोन्ही हातांत वह्यांच्या पिशव्या घेऊन मास्तर चढ चढत घरी गेले. पुढच्या शुक्रवारी सगळे मिळून बाहेर जेवायला निघाले. "येणार का?" "तुम्ही जा, मी कशाला मध्ये?" असं म्हणून मास्तर घरी आले, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून तयार राहिले. कोणीतरी न्यायला येईल म्हणून खिडकीतून दारात, दारातून खिडकीत अशा येरझाऱ्या चालल्या होत्या. शेवटी त्याच शर्टात त्यांनी कालचा भात गरम केला.

हे सगळं बायकोला सांगायची चोरी होती. कारण ती अजून तिकडेच होती, आणि निघताना तिने स्पष्ट सांगितलं होतं, "आधी तिथे एक तरी माणूस जोडा. मग मी येते. दिवसभर भिंतींशी बोलायला मी येणार नाही. नाही जमलं तर गुपचूप परत या." परत गेले तर जुनी नोकरी नव्हती, आणि एकट्याने राहिले तर मास्तर वेडे झाले असते. हल्ली ते नळाशी बोलू लागले होते.

फोनवर रोज तोच प्रश्न. "मिळालं का कोणी?"

"मिळेल गं. लोक जरा अबोल आहेत."

"लोक अबोल नाहीत, तुम्ही भिडस्त आहात. लग्नात माझ्या मावशीने चार वेळा जिलबी वाढली तेव्हा कुठे ताटाला हात लावलात. उद्यापासून कोणी काही विचारलं, की पहिल्या फटक्यात हो म्हणायचं. कळलं?"

मास्तरांना पटलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर ते 'हो, हो' घोकतच गेले. दारातच निरोप मिळाला, मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलंय.

"बसा," बाई मायेने म्हणाल्या. "मास्तर, तुम्हाला एकांत आवडतो हे आमच्या लक्षात आलंय. आम्ही आपले उगाच तुम्हाला विचारून विचारून हैराण करत होतो. तर तुमची सोय…"

"हो! अगदी आनंदाने!" मास्तर म्हणाले.

"वरच्या माळ्यावरच्या खोलीत केलीय. तिथे तुम्हाला कोणीही त्रास द्यायला येणार नाही. तशी मी सगळ्यांना ताकीदच दिलीय."

'नको' मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण हो म्हणून झालं होतं, आणि इथे एकदा म्हटलेलं परत विचारत नाहीत. निघताना भूगोलाच्या बाईंनी त्यांना लांबूनच, ओठांवर बोट ठेवून, हसून निरोप दिला.

वरच्या खोलीत मोडकी बाकं, गुंडाळलेले नकाशे आणि एक माणूस होता. चित्रकलेचे सर. दाढी छातीपर्यंत, आवाज कधी कोणी ऐकलेला नाही. खाली म्हणत, त्यांना माणसांचं वावडं आहे. ते भिंतीकडे तोंड करून इकडची जाडसर पोळी कोरडीच चावत बसले होते.

मास्तर समोर बसले. उठले, खिडकी उघडली, लावली, परत बसले. डबा उघडला. समोर माणूस कोरडं खातोय आणि आपल्यापुढे भाजी, हे काही त्यांना सोसेना.

"थोडी भाजी घ्या."

"नको," दाढीतून आवाज आला.

"असं कसं? चवीपुरती तरी."

"नको."

"मी केलीय हो. तिखट नाही."

"नको म्हटलं ना."

आता मात्र मास्तरांच्या अंगात सगळं गणगोत एकदम संचारलं. "एक घास! माझी शपथ आहे तुम्हाला!" असं म्हणून त्यांनी चमचाभर भाजी थेट सरांच्या पोळीवर वाढली.

सर पोळीकडे बघत राहिले. मग मास्तरांकडे. मग पोळी तशीच हातात धरून उठले आणि दाणदाण जिना उतरून गेले.

ज्या देशात एका 'नको'ला एवढा मान, तिथे तीन 'नको' मोडल्यावर काय होत असेल? नोकरी गेलीच. बायकोला काय सांगायचं, भाजी वाढली म्हणून काढून टाकलं? ते खोलीत गरागरा फिरत असतानाच खालून बोलावणं आलं.

मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा गंभीर होता. बाजूला सर उभे, हातात पोळी.

"मास्तर, यांनी नाही म्हटल्यावरही तुम्ही परत विचारलंत?"

"विचारलं," मास्तर कसेबसे म्हणाले.

"किती वेळा?"

"तीन. शेवटी शपथ घातली." मास्तरांनी मान खाली घातली. "आमच्याकडे तशी पद्धत आहे. पण चुकलं माझं. परत नाही विचारणार."

"नाही, नाही!" सर एकदम ओरडले. खोलीतली तिघंही दचकली, सर स्वतः सगळ्यात जास्त. "मी तक्रार करायला आलो नाही. मी या शाळेत आलो तेव्हा पहिल्याच दिवशी चहाला नको म्हटलं होतं. लाजून. त्यानंतर कोणी विचारलंच नाही. वरच्या खोलीत कोणी कोणाला त्रास द्यायचा नाही अशी ताकीद आहे ना, ती तेवढी काढून टाका. मला उद्यापण त्रास हवाय."

बाईंनी रुमालाने नाक पुसलं आणि दोघांनाही चहा विचारला. दोघंही एकदम "नको" म्हणाले. बाई क्षणभर घुटमळल्या, मग जन्मात पहिल्यांदा म्हणाल्या, "घ्या हो, अर्धा कप."

त्यानंतर मास्तरांचे दिवस बरे गेले. चित्रकलेचे सर त्यांना गाडीतून सोडू लागले, आणि मास्तरही आता सवयीने पहिल्याच हाकेला आत बसू लागले. शिष्टाचारात वेळ घालवायचा नाही, हो तर हो, नाही तर नाही, हे त्यांना चांगलंच मानवलं. एका रविवारी सर जेवायला आले असताना त्यांनी मोठ्या रुबाबात बायकोला फोन लावला आणि पडद्यावर सरांची दाढी दाखवली.

"हा बघ, जोडला माणूस! आता येतेस ना?"

बायकोने दाढी नीट न्याहाळली. "छान आहेत. दोघं मिळून स्वयंपाक करता वाटतं?"

"रोज!"

"मग बरंच चाललंय की तुमचं. आता मी कशाला? नको, राहू दे."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवून भात वाढायला लागले.

सरांनी ताट बाजूला सारलं. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण पडद्यावरचा तो चेहरा त्यांनी पाहिला होता. "काय म्हणाल्या वहिनी?"

"येत नाही म्हणाली."

"किती वेळा?"

मास्तरांच्या हातातला डाव तसाच राहिला. सर उभे राहिले आणि त्यांनी फोन उचलून मास्तरांच्या हातात कोंबला. "अहो, परत विचारा!"

बायकोने पहिला फोन उचललाच नाही. दुसरा उचलून "काय आहे?" म्हणाली. मास्तर गयावया करू लागले. करमत नाही म्हणाले, भाजी जमत नाही म्हणाले, शपथ घातली. मागून सर आपल्या भाषेत जोरजोरात आग्रह करत होते.

"बरं बरं, येते," बायको शेवटी म्हणाली. "एवढं म्हणताय म्हणून हं. माझ्या मनात नव्हतं काही."

पलीकडून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. ती काही केल्या लागत नव्हती, इतकी बॅग गच्च भरली होती.