डाव्या बाजूची बाल्कनी

जहाजाच्या सफरीला निघालेल्या माणसाने काय करावं आणि काय करू नये, हे मास्तरांना कोणी विचारलं नव्हतं. पण कोणी विचारलं नाही म्हणून मास्तरांचं आजवर कधी अडलंही नव्हतं. शहरातलं सगळ्यात जुनं ड्रायव्हिंग स्कूल त्यांचं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून, त्यांनी जन्मभर लोकांना कुठे वळायचं ते सांगितलं होतं. समुद्रावर ते स्वतः कधी गेले नव्हते, ही बाब अगदीच किरकोळ.

"बाल्कनीची केबिन कोणीही घेतो हो, ती उपभोगता आली पाहिजे," असं ते सफरीच्या आधी महिनाभर ऐकवत होते. न्हाव्याला ऐकवलं, घरी गॅस घेऊन येणाऱ्याला ऐकवलं, चढावर अर्धा क्लच दाबून घाम पुसत बसलेल्या विद्यार्थिनीलाही ऐकवलं. बाल्कनीचं दार आणि केबिनचं दार एकदम उघडायचं नाही, वारा आरपार जातो आणि दार थोबाडीत बसतं. कठड्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत. संध्याकाळचा चहा बाल्कनीतच घ्यायचा, तोही जहाजाने दिलेला पांढरा गाऊन घालून. आणि बाल्कनीत हळू बोलायचं, कारण मधलं पार्टिशन पातळ असतं, शेजाऱ्यांना सगळं ऐकू जातं. ही शेवटची सूचना त्यांनी जहाजावर पाऊल ठेवल्याबरोबर बाल्कनीत उभं राहून इतक्या खणखणीत आवाजात दिली, की पार्टिशनपलीकडच्या जोडप्याने खुर्च्या आणखी पलीकडे सरकवल्या.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं काय, तर बाजू," मास्तर म्हणत. "बाजू चुकली की सफर चुकली."

बाजूचं महत्त्व यावेळी खरोखरच होतं, आणि ते मास्तरीणबाईंना जास्त कळत होतं. त्यांची धाकटी बहीण किनाऱ्यावरच्या एका टेकडीवर राहायची आणि दोन वर्षांपासून त्यांच्याशी बोलत नव्हती. कारण अर्थातच मास्तर. धाकटी त्यांच्याकडे गाडी शिकायला आली होती. एकदा उजवीकडे वळायच्या ऐवजी ती डावीकडे वळली आणि एका फुलवाल्याची बादली आडवी झाली. एवढ्यावर भागलं असतं. पण मास्तरांनी तिच्याच घरी, तिच्या सासरच्या भरल्या जेवणात, घास गिळून जाहीर केलं, की ज्या बाईला डावं-उजवं कळत नाही तिने स्टीअरिंगला हात लावू नये, लाटणं धरावं. धाकटी पानावरून उठली ती उठलीच.

आता जहाज नेमकं तिच्या टेकडीजवळून जाणार, हे कळल्यावर तिने ताईला फोन केला. दोन वर्षांतला पहिला. संध्याकाळी मी गच्चीवर पिवळी चादर घेऊन उभी राहीन, तू लाल शाल हलव, असं ठरलं. शेवटी धाकटी म्हणाली, "आणि भावोजींना शेजारी उभं कर. त्यांनी नुसता हात जरी हलवला, तरी मी समजेन आणि सगळं विसरेन. नाही हलवला, तर मात्र संपलं ताई."

मास्तरांनी आढेवेढे घेतले. माफी मागणं त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. पण हात हलवायला काय जातं, उलट्या दिशेने येणाऱ्या ट्रकवाल्यालाही आपण हलवतोच, असं म्हणून ते कबूल झाले. किनारा जहाजाच्या डाव्या हाताला लागणार होता, म्हणून डाव्या बाजूची केबिन त्यांनी जातीने निवडली. इथेच मेख होती. मास्तरांच्या फळ्यावर गाडी कायम खाली तोंड करून काढलेली असे. गाडी विद्यार्थ्याच्या अंगावर आली पाहिजे, तरच तो ब्रेक शिकतो, हे त्यांचं शास्त्र. जहाजाचा नकाशा हातात आला तेव्हा त्यांनी सवयीने तो उलटा केला, जहाजाचं तोंड स्वतःकडे वळवलं, आणि मग कागदाच्या डाव्या कडेची केबिन ठामपणे पक्की केली.

पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर समोरच्या केबिनमधले दातांचे डॉक्टर भेटले. गोल, हसरे, निवृत्त. त्यांनी भाबडेपणाने विचारलं, की आमची बाजू बरी आहे ना. मास्तरांनी त्यांच्याकडे, नापास होणार हे ठरलेल्या उमेदवाराकडे बघावं तसं बघितलं.

"तुम्ही फसलात. तुमच्याकडून नुसतं पाणी दिसणार," मास्तर म्हणाले. "पाणी काय, घरी बादलीतही दिसतं."

मग दया येऊन त्यांनी डॉक्टरांना गाऊनची सूचना तेवढी फुकट दिली.

ठरलेली संध्याकाळ आली. मास्तरीणबाई लाल शाल घेऊन बाल्कनीत बसल्या. मास्तर गाऊन घालून चहा पीत होते. समोर पाणी होतं. थोड्या वेळाने पुन्हा पाणी होतं.

"अहो, किनारा कुठंय?"

येईल, मास्तर म्हणाले. जहाज म्हणजे स्कूटर नव्हे, त्याला वेळ लागतो. मग ते म्हणाले, की आता वळेल. मग म्हणाले, की पृथ्वी गोल असल्यामुळे किनारा सध्या खाली आहे. तेवढ्यात कप उचलायला आलेल्या केबिन सेवकाला मास्तरीणबाईंनी थेटच विचारलं. त्याने नम्रपणे समोरच्या केबिनकडे बोट दाखवलं.

मास्तरांनी त्याला थांबवून घेतलं आणि डावं-उजवं शिकवायला सुरुवात केली. डावं म्हणजे तुझं डावं नव्हे बाबा, गाडीचं डावं. जहाजाचं तोंड हे असं इकडे, म्हणजे ही झाली डावी बाजू.

"साहेब, तोंड तिकडे आहे," सेवक म्हणाला. "आपण रिव्हर्समध्ये नाही आहोत."

एवढं बोलून तो कप घेऊन गेला. मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"ती तिकडे उभी असेल हो," त्या म्हणाल्या. "उठा. समोरच्यांचं दार वाजवू."

पण बादलीतल्या पाण्याचं बोलणं मास्तरांच्या घशात अडकलं होतं. आता त्याच डॉक्टरांच्या दारात जाऊन उभं राहायचं? या सेवकाला काही कळत नाही, मी इथेच थांबतो, बघ तू, दोन मिनिटांत किनारा येतो की नाही, असं म्हणून ते कठड्याला धरून उभे राहिले. मास्तरीणबाईंनी पुढचं ऐकलं नाही. शाल घेतली आणि केबिनचं दार धाडकन उघडून त्या बाहेर धावल्या.

वारा आरपार गेला. बाल्कनीचं दार मास्तरांच्या पाठीमागे असं आपटलं, की आतला खटका खाली पडून बसला. मास्तरांनी ढकललं, ओढलं, दाराला दोन सूचनाही दिल्या. दार हललं नाही. तेव्हा ते पार्टिशनकडे वळून ओरडले, "अहो, बाल्कनीचं दार आतून लागलंय!"

पलीकडचं जोडपं दोन दिवस त्यांच्या सूचना ऐकत होतं. ही आणखी एक, असं समजून नवरा कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "लावतो हो, लावतो." दोघं आत गेले, दार आतून नीट लावून घेतलं आणि गाणी सुरू केली. मास्तर आणि समुद्र असे दोघेच उरले. समुद्राला कोणाचं काही ऐकून घ्यायची सवय नव्हती.

इकडे डॉक्टरांच्या बाल्कनीतून टेकडी स्वच्छ दिसत होती. गच्चीवर पिवळी चादर फडफडत होती. मास्तरीणबाईंनी शाल हलवली आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. डॉक्टरीणबाईंनी काय झालं विचारलं, तेव्हा त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. हे आले नाहीत, ती समजेल यांनी मुद्दाम टाळलं, आता माझं माहेर संपलं.

डॉक्टर तिथेच होते. मास्तरांच्या सूचनेप्रमाणे पांढरा गाऊन घालून.

"इतक्या लांबून गाऊनच दिसणार," ते म्हणाले. "फक्त हात हलवायचा, की माफीच मागून टाकू?"

उत्तराची वाट न बघता ते मास्तरीणबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आधी दोन्ही हात हलवले, मग जोडले. मग जन्मभर लोकांना 'आ' करायला लावणाऱ्या त्या माणसाने स्वतःचे कान धरले आणि उत्साहाने उठाबशा काढायला सुरुवात केली. गच्चीवरची चादर एकदम थांबली. मग ती वेड्यासारखी फडफडू लागली.

सेवकाने मास्तरांना सोडवलं तोवर टेकडी मागे पडली होती. ते चडफडत आत आले. या दारांचा खटका कसा चुकीच्या जागी बसवलाय, हे ते जहाजाच्या कप्तानालाच समजावणार होते. तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. डोळे लाल, चेहरा मात्र उजळलेला. त्यांनी फोन मास्तरांच्या हातात दिला.

धाकटी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

"भावोजी, अहो हात हलवा म्हटलं होतं मी! उठाबशा कशाला? तेही सगळ्यांसमोर, कान धरून! मलाच लाज वाटली हो. इतकं मनाला लावून घेतलं होतंत तुम्ही?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. त्यांनी डोळे वटारले नाहीत की हात जोडले नाहीत, त्या नुसत्या शाल घट्ट धरून उभ्या राहिल्या. खरं सांगायचं तर आपण कुठे उभे होतो तेही सांगावं लागणार होतं.

"हो," ते म्हणाले. मग आवाज बराच खाली आणून, "गुडघे दुखताहेत जरा."

"दुखणारच! या वयात एकदम कोणी काढतं का इतक्या?" धाकटी कळवळली. मग तिने गुडघे कसे शेकावेत, कुठलं तेल लावावं, बसताना पाय कसे ठेवावेत, हे सगळं सविस्तर सांगितलं. मास्तर हूं हूं करत ऐकत राहिले. "आणि सोडू नका हं भावोजी, रोज सकाळी थोड्या थोड्या काढत जा, म्हणजे सवय राहील. पुढच्या महिन्यात आम्ही सगळे येतोय तुमच्याकडे. आमच्या सासूबाईंना बघायला मिळाल्या नाहीत ना उठाबशा."

"बरं," मास्तर म्हणाले.