खर्र्यावर फोटोचा उतारा

आमच्या बाबांचा खर्रा सुटला! आंधळगावात हे वाक्य मी कोणाहीसमोर छाती फुगवून म्हणते, कारण तो मी सोडवला. आईला तीस वर्षं भांडून जे जमलं नाही, ते मी एका मोबाईलवर केलं!

माझे बाबा परसराम, चिखल्याच्या मँगनीज खाणीतून रिटायर झालेले. खाणीतून वर आले आणि ओसरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, ते बसलेच! हातात पन्नी, पन्नीत सुपारी-तंबाखू घोटलेला खर्रा, आणि गालात असा गोळा की वाटावं, लिंबू गिळायचं राहून गेलंय. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, तर दोन बोटंसुद्धा आत जाईनात. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "असंच चाललं तर पुढचं ऐकायची तयारी ठेवा." येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. बाबा शेजारी बसून खर्रा खात होते!

मग मला मोबाईलवर ते अ‍ॅप सापडलं. फोटो टाका, म्हातारपणचा चेहरा बघा! मी बाबांचा निरोपसमारंभातला फोटो टाकला. सुरकुत्या वाढवल्या, गाल खप्पड केले, दात काळे केले. जो म्हातारा समोर आला, त्याला बघून मीच दचकले. मोहाडीला बाजाराच्या दिवशी तो मोठा करून आणला आणि बाबांच्या खुर्चीसमोर भिंतीवर ठोकला. आता घाबरतील, पन्नी फेकतील! मी दाराआड उभी राहिले.

बाबा आले. बघितलं. पन्नी खरंच खाली पडली!

"सुमन! अव सुमन! माहा बाप!"

आई कणकेच्या हातानं धावत आली. "कोनाचा बाप?"

"माहा, व! बिलकुल तोच! भावना, कुठं भेटला तुले हा फोटो?"

झालं! आजोबा गेले तेव्हा बाबा सहा वर्षांचे. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. बाबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मी म्हटलं, "बाबा, तो फोटो..."

"काही बोलू नोको! आज तू मले माहा बाप आणून देल्ला!"

आता सांगा, तुम्ही बोलला असता?

आईनं शंका काढली, "पण मामंजी तं चाळिशीतच गेले ना?"

"खाणीतला मानूस होता! चाळिशीत सत्तरीचा दिसे!"

फोटोला हार चढला. शेजारीपाजारी दर्शनाला आले. चिखल्याहून बाबांचे खाणीतले दोस्त तुलारामकाका आले आणि हात जोडून म्हणाले, "मी यायले कधी पाह्यलं नाही, पण पाहताबरोबर ओळखलं!"

आणि खर्रा? "बापासमोर कसा खाऊ?" असं म्हणून बाबा आता घरामागं जाऊन खायला लागले. भिंतीआड कोण मोजतंय? पूर्वीपेक्षा दुप्पट! माझ्या औषधानं रोगच बाळसं धरू लागला!

चौथ्या दिवशी मोहाडीहून गिरजाआत्या आली. बाबांची मोठी बहीण. आल्या आल्या भिंतीला कवटाळून तिनं असा हंबरडा फोडला की गोठ्यातल्या बैलानंही उत्तर दिलं. "बाबा, कुठं होता इतके दिवस!" मग तिनं डोळे पुसले, पिशवीतून चष्मा काढला आणि लावला.



"परसराम, आपल्या बापानं चौकडीचं शर्ट कधी घातलं?"

बाबांनी मान पुढं काढून बघितलं.

"अन् खिशात पेन? आपला बाप अंगठा लावे!"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी चेहऱ्याचा तेवढा विचार केला, शर्टाकडे कोण बघतं! शेवटी सगळं कबूल केलं.

"मी तं तेच म्हणून राहिली होती," आत्या म्हणाली, "आपला बाप असा भकास नव्हता!"

बाबा फोटोजवळ गेले. फोटोतल्या गालावरून बोट फिरवलं, मग स्वतःच्या. "म्हंजे हा मी?"

"दहा वर्षांनंतरचे," मी म्हटलं. "खर्रा सुटला नाही तर. डॉक्टर तर म्हणतात, तेवढी तरी मिळतील की नाही..."

बाबांनी फोटोवरचा हार काढला. "जितेपणी स्वतःलेच हार घालून राहिलो का मी!" म्हणाले आणि घरामागं गेले. मला वाटलं, गेले परत खायला! पण दोन्ही मुठी भरून पन्न्या घेऊन आले आणि रिकाम्या केल्या थेट पेटत्या चुलीत. त्या धुरानं आईला तासभर शिंका!

पाच महिन्यांनी बाबा रोज सकाळी तलावापर्यंत चालत जाऊन येतात. तोंडात तीन बोटं जातात, तीन! माझ्याकडे गावातल्या बायांची रीघ. "भावना, आमच्या मानसालेही जरा म्हातारा करून दे व!"

परवा डॉक्टरांनी तपासलं आणि थक्कच झाले. "परसरामजी, कसं जमवलंत हो हे?"

मी ओढणी सावरली, मोबाईल हातात घेतला, चेहऱ्यावर विनयशील हसू आणलं.

"आमच्या गिरजाबाईची कृपा, साहेब," बाबा म्हणाले. "दोन दिवसांसाठी आली होती, आता पाच महिने झाले, जायचं नाव नाही. दर तासाले माहं तोंड हुंगते!"

फोटोचा फ सुद्धा नाही! मी मोबाईल गुपचूप पर्समध्ये टाकला आणि मान डोलावली. दुसरं काय करणार? आत्या बाहेर बाकावरच बसली होती.