धावपट्टीवरचा अर्ज

सासऱ्यांना खिडकीची जागा द्यायची, हा निर्णय माझा. पुढे जे काही झालं त्याला परिस्थिती जबाबदार होती, पण एवढं एक मी केलं, हे आधीच कबूल करतो. (घरात ते माझ्याकडून कबूल करून घेण्यात आलेलं आहेच.)

सासरे गणिताचे निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. सासूबाई गेल्यानंतर वर्षभर ते कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेले नव्हते. शेवटी माझ्या मेव्हण्याने, म्हणजे त्यांच्या मुलाने, सरळ विमानाची तिकिटंच पाठवली. त्यांचा हा पहिलाच विमानप्रवास. त्यांना आभाळ दिसावं म्हणून मी त्यांना खिडकीशी बसवलं, मध्ये बायको आणि कडेला मी. खिडकीतून आभाळ दिसतं, यात वाद नाही. पण खिडकीपासून टॉयलेट लांब पडतं आणि वाटेत दोन माणसं बसलेली असतात, हा विचार मी केला नव्हता.

विमान जागचं हललं, थोडं चाललं आणि धावपट्टीच्या अलीकडे उभं राहिलं. पुढे विमानांची रांग होती. वैमानिकाने सांगितलं, "पंधरा मिनिटं लागतील. कृपया पट्टे बांधून बसून राहावं." पंधरा मिनिटांनी त्याने पुन्हा पंधरा मिनिटं सांगितली. आमच्या ऑफिसात आम्ही 'उद्या या' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. चौथ्या पंधरा मिनिटांनंतर सासऱ्यांनी खिडकीबाहेर बघणं बंद केलं. ते ताठ बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले.

"अहो," बायको माझ्या कानाशी म्हणाली, "बाबांना जायचंय."

"त्यांनी सांगितलं?"

"बाबा सांगतील? ते पाढे म्हणतायत. एकोणतीसपासून खाली. लहानपणी गाडीतून जाताना अशी वेळ आली की हेच करायचे. आता सव्विसावर आलेत."

"आणि खाली आल्यावर?"

"खाली आल्यावर काय होतं ते आजवर कोणी पाहिलेलं नाही. तुम्ही काहीतरी करा."

अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, अशी म्हण आहे. मी तर वैद्यही नाही, आवक-जावक कारकून आहे. तरी वाकून विचारलं, "बाबा, टॉयलेटला जायचं का?"

"कोणाला?"

"तुम्हाला."

त्यांनी डोळे न उघडता बोट वर केलं. डोक्यावर पट्ट्याचा दिवा लागलेला होता. "छत्तीस वर्षं मी तास चालू असताना एका पोराला वर्गाबाहेर सोडलं नाही, जावईबापू. दिवा लागलेला असताना मी उठेन, असं वाटलं तरी कसं तुम्हाला?" आणि पंचविसाचा पाढा सुरू केला.

मी उठलो. त्याच क्षणी हवाईसुंदरी आली. एवढ्या लांबून तिला कसं दिसलं, कोण जाणे.

"सर, प्लीज बसून घ्या."

"टॉयलेटला जायचं होतं. म्हणजे मला नाही, आमच्या..."

सासऱ्यांनी एक डोळा उघडला. या डोळ्यासमोर मी लग्नाआधी एकदा उभा राहिलो होतो.

"मलाच," मी म्हणालो.

"सर, कोणी उभं असलं की विमान पुढे घेता येत नाही. कॅप्टनची परवानगी लागते."

पलीकडच्या जागेवर एक वकील बसले होते. (त्यांनी हे बसल्या बसल्या सगळ्यांना सांगितलं होतं.) ते म्हणाले, "साहेब, तोंडी विचारून कोणी परवानगी देतं का? लेखी द्या."

माझी सत्तावीस वर्षं कागदावर शिक्के मारण्यात गेली आहेत. 'लेखी' म्हटलं की माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. दुसरा कागद नव्हता, म्हणून समोरच्या कप्प्यातली, उलटी आली तर वापरायची कागदी पिशवी काढली आणि लिहायला घेतलं. प्रति, माननीय वैमानिक साहेब. विषय, प्रसाधनगृह वापरण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय.

"प्रकृतीचं कारण घाला," वकील म्हणाले. "नुसतं 'जायचंय' म्हणून काही होत नाही."

मी घातलं. 'अर्जदारास जुना व असाध्य विकार असून, विलंब झाल्यास होणाऱ्या परिणामांस अर्जदार जबाबदार राहणार नाही.' वाक्य चांगलं जमलं होतं. बायकोला वाचून दाखवलं.

"बाबा एकविसावर आलेत," ती म्हणाली.

"विषय योग्य मार्गाने गेला पाहिजे."

"विषय खिडकीशी बसलाय!"

एकट्याच्या अर्जाला वजन नसतं, म्हणून मी पिशवी सह्यांसाठी मागे पाठवली. ती अकरा मिनिटांनी परत आली, तेव्हा तिला आणखी दोन पिशव्या जोडलेल्या होत्या आणि एकतीस सह्या होत्या. एकाने 'अतितातडीचे' असा शेरा मारला होता. दुसऱ्याने जाता जाता एसीचीही तक्रार नोंदवली होती.

हवाईसुंदरीने तो अर्ज दोन बोटांत धरून नेला. पिशवी कशाची होती ते बघता, तिचं काही चुकलं नाही. जाताना तिने काळजीने विचारलं, "सर, फार त्रास होतोय का?"

उत्तर सासऱ्यांनी दिलं. "उन्हाळी लागली असेल त्यांना. भरपूर पाणी द्या."

तिने पाणी आणलं. सासरे बघत होते. वर्गात डबा संपवेपर्यंत मुलाकडे बघत राहावं, तसे बघत होते. मी एक ग्लास प्यायलो. त्यांनी मानेने खूण केली, तिने दुसरा दिला. मग तिसरा. तोपर्यंत मला स्वतःला काहीही होत नव्हतं, हे इथे नमूद करून ठेवतो.

मग वैमानिकाचा आवाज आला. सगळ्या विमानात आला.

"आसन क्रमांक चौदा-क वरच्या प्रवाशांची प्रकृती ठीक नाही. त्यांना एकट्याला पाच मिनिटांसाठी प्रसाधनगृह वापरण्याची परवानगी देत आहोत. बाकी सर्वांनी कृपया बसून राहावं."

दीडशे माणसांनी वळून माझ्याकडे बघितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "सह्या आमच्या आणि जाणार हा?" अर्ज मंजूर झाल्यावर माझ्या तोंडावर जो आनंद दिसायला हवा होता, तो दिसेना. मंजुरी माझ्या नावावर होती आणि सासरे खिडकीशी, एकोणिसावर.

"आता?" मी बायकोला विचारलं.

"आई त्यांना 'जाऊन या' असं कधी म्हणायचीच नाही," ती हळू म्हणाली. "कोणाच्याही घरी गेलो की म्हणायची, 'अहो, त्यांचा नळ गळतोय वाटतं, जरा बघून या.' बाबा बघून यायचे. चाळीस वर्षांत आमच्या नात्यातला एक नळ बघायचा राहिला नाही." एवढं बोलून ती समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिली.

पाच मिनिटांतलं एक तिथेच गेलं. मग मी डोकं धरलं.

"बाबा, मला गरगरतंय. एकट्याने जाववत नाही. दाराशी कोणीतरी उभं राहिलं तर..."

"चला," सासरे म्हणाले. पट्टा सोडून ते माझ्याआधी उभे राहिले. बायकोने पाय वर घेतले नसते तर ते तिच्या पायांवरूनच गेले असते.

"सर, एकालाच परवानगी आहे," हवाईसुंदरी आडवी आली.

"पेशंटबरोबर माणूस लागतो," सासरे म्हणाले. हा आवाज एके काळी तीन वर्ग पलीकडे ऐकू जात असे. ती बाजूला झाली.

टॉयलेटच्या दाराशी मी थांबलो. "बाबा, ही कडी नीट लागते का, आत जाऊन जरा बघता? मला असल्या कड्यांतलं काही कळत नाही."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांच्या वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलांकडे ते असंच बघत असावेत.

"तुम्हाला एवढंही येत नाही, जावईबापू," ते म्हणाले आणि आत गेले. कडी लागल्याचा आवाज आला. चांगली लागली.

एक मिनिट गेलं. दोन गेली. हवाईसुंदरी घड्याळ बघू लागली.

"सर, आत कोण आहे?"

"माझे सासरे. कडी बघतायत."

"आणि पेशंट?"

"पेशंट मी."

तिच्या प्रशिक्षणात हा प्रसंग आलेला नसावा. मला मात्र आता गरगरण्याचं नाटक करावं लागत नव्हतं. तीन ग्लास पाणी आपल्या मार्गाने निघालं होतं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देऊ लागलो. ते दृश्य बघून पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी हळहळून "बिचारा" असं म्हटलं.

दार उघडलं. सासरे हात पुसत बाहेर आले. वर्षभरात इतका निवांत चेहरा मी पाहिला नव्हता.

"कडी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "आता तुम्ही जा."

मी आत एक पाय टाकला आणि वर घंटा वाजली. "सर, बसा! आपला नंबर आला!" हवाईसुंदरी ओरडलीच.

"पण मी अजून..."

"तुम्हाला पाच मिनिटं दिली होती सर. तुम्ही नऊ घेतलीत."

मला हाताला धरून जागेवर आणण्यात आलं. वकिलांनी विचारलं, "मोकळे झालात?" सासरे खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचा कान इकडे होता. बायकोने माझ्या हातावर हात ठेवला आणि दाबला. मी म्हणालो, "हो."

विमान उडालं. पट्ट्याचा दिवा विझला आणि एकतीस सह्यावाले एकदम उठले. मीही उठलो. वकिलांनी मला अडवलं. ज्याचं काम झालेलं आहे त्याने इतरांच्या आधी पुन्हा जाणं नियमाला धरून नाही, असा निकाल त्यांनी उभ्याउभ्या दिला आणि तो सर्वांना पटला. मी रांगेच्या शेवटी गेलो. प्रवास पंचावन्न मिनिटांचा होता. माझ्या पुढे सात जण राहिले असताना उतरण्यासाठी पुन्हा पट्ट्याचा दिवा लागला. मी जागेवर बसून पाढे म्हणून बघितले. मला पंधरापर्यंतच येतात.

सासऱ्यांना मात्र सगळं आभाळ दिसलं. "ढग वरून बघितले तर पिंजलेल्या कापसासारखे दिसतात," ते मुलीला सांगत होते. "तिला आवडलं असतं."

उतरलो, तर दाराशी चाकांची खुर्ची उभी होती. वैमानिकाने माझा अर्ज पुढे कळवला होता. खुर्चीवाल्याने अर्थातच सासऱ्यांचा हात धरला. "या आजोबा, बसा."

"मी नाही," सासरे म्हणाले, "हे. बसा जावईबापू, लाजायचं काय त्यात?"

मी बसलो. उभं राहण्यात धोका होताच. सासरे ताठ मानेने बाजूने चालू लागले. बायको मागून बॅगा घेऊन येत होती आणि नजरेने मला हात जोडत होती. वळणावर ती पाटी दिसली. एक पुरुष, एक बाई, मध्ये रेघ. इतकं सुंदर चित्र मी आजवर पाहिलेलं नाही. खुर्चीवाला भला माणूस होता. त्याने वेग कमी केला.

"साहेब, बाथरूमला थांबायचं का?"

मी तोंड उघडलं. सासऱ्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काही गरज नाही," ते म्हणाले. "त्यांचं विमानातच झालंय. मी स्वतः दाराशी उभा होतो. घ्या, पुढे घ्या."

खुर्ची चांगल्या वेगाने निघाली.