पाय सांगतील

आमचे दाजी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायांकडे.

नव्या माणसाला वाटतं, आपल्या चपलेला काहीतरी लागलंय. तो बिचारा एका पायावर उभा राहून तळवा बघायला लागतो. दाजी म्हणतात, "थांबू नका हो, चाला, चाला. कुठून चालता ते बघू दे."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी पुण्याकडच्या एका विद्यापीठात कॅम्पस प्लॅनर म्हणून काढली. इमारती बांधणारे वेगळे. कुठली इमारत कुठे उभी करायची, वसतिगृहापासून खानावळ किती लांब ठेवायची, झाड कुठे, बाक कुठे, रस्ता कुठून कुठे, हे ठरवायचं काम दाजींचं. आमच्या घराण्यात हे कुणाला कधी कळलं नाही. माझी आई सगळ्यांना "जावई कॉलेजातले रस्ते बघतात" असं सांगायची. ऐकणारे समजायचे, बांधकाम खात्यात आहेत, आणि गावच्या खड्ड्यांची तक्रार तिच्याकडे करायचे.

महाडात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. निकाल लागले की एखादा पालक हमखास काउंटरवर रेलायचा. "तुमचे दाजी विद्यापीठात ना? ॲडमिशनचं बघा की जरा." मी लगेच ऐटीत फोन लावायचो. आपल्या ओळखी दाखवायची संधी मी सहसा सोडत नाही. पलीकडून दाजी म्हणायचे, "ॲडमिशन माझ्या हातात नाही. पोरगी आत आली की सावलीतला बाक मात्र नक्की देतो." पालक निघून जायचा. वहीसुद्धा घ्यायचा नाही.

एकदा मी त्यांना विचारलं, "दाजी, तुमच्यात बढती कशी असते?"

"सोपं आहे," ते म्हणाले. "आधी आरेखक. त्यानं पेन्सिलीला टोक काढायचं आणि साहेब सांगेल तिथं रेघ मारायची. मग सहायक नियोजक. त्यानं आरेखकाची रेघ खोडायची. मग नियोजक. त्यानं रेघ का खोडली, याची तीन पानी टिप्पणी लिहायची. मग उपमुख्य. त्यानं टिप्पणीवर सही करायची, वाचायची नाही."

"आणि मुख्य नियोजक?"

"त्यानं खिडकीपाशी उभं राहून पोरं कुठून चालतात ते बघायचं. ते तर मी आरेखक असल्यापासून करत होतो. पण तेव्हा त्याला कामचुकारपणा म्हणायचे."

दाजींचं सगळं शास्त्र एवढंच. ग्रंथालय बांधून झालं की ते रस्ता करू द्यायचे नाहीत. आधी नुसतं गवत. एक पावसाळा जाऊ द्यायचा. पोरं आपल्या सोयीनं चालतात आणि गवतात वाट पडते. मग त्या वाटेवर फरशी घालायची. "काटकोन नकाशात असतो, माणसाच्या चालण्यात नसतो," हे त्यांचं एक वाक्य. दुसरं, "'गवतावर चालू नये' अशी पाटी लावली की समजायचं, आपण हरलो." आणि कुठल्याही प्रश्नाला शेवटचं उत्तर, "पाय सांगतील."

नोकरीत हे ठीक होतं. माझ्या मुलीच्या साखरपुड्यातही त्यांनी तेच केलं. हॉलच्या कोपऱ्यात उभे राहून पाहुण्यांचे पाय बघितले आणि जेवणं ऐन रंगात आली असताना भाताचं टेबल उचलून खिडकीपाशी नेलं. मुलाकडच्या एका काकांना ते केटरिंगवालेच वाटले. काकांनी त्यांना दोनदा जिलबी आणायला पिटाळलं. दाजींनी आणलीही. म्हणे, जिलबीपासून काकांपर्यंतची वाट तपासायची होती. गर्दी मात्र खरंच झटकन पुढे सरकली. अडथळा एकच राहिला. तो मी होतो. "दुकानदार," दाजी माझ्या कानात म्हणाले, "तू जरा बाजूला झालास तर दोन माणसं जातील."

निवृत्त झाल्यावर दाजींनी पोलादपूरपलीकडच्या त्यांच्या वाडीत घर बांधलं. सुबक, कौलारू, समोर रस्त्याच्या अंगाला मोठं लोखंडी फाटक. एवढं रुंद कशाला, म्हणून मी विचारलं. "निखिलची गाडी मोठी आहे," ते म्हणाले. निखिल म्हणजे त्यांचा मुलगा, माझा भाचा, ठाण्याला असतो.

फाटकापासून ओट्यापर्यंत फरशी घालायला गवंडी तयार होता. दाजींनी त्याला परत पाठवला. "आधी माणसं येऊ देत. एका पावसाळ्यात वाट पडेल, तिच्यावर फरशी. नाही पडली तर समजायचं, साइट चुकली. मग घराला कुलूप लावून ठाण्याला जायचं."

मला वाटलं, थट्टा आहे. पण नोकरीत त्यांनी या कसोटीवर एक अख्खं उपाहारगृह हलवलं होतं. आता तीच कसोटी त्यांनी स्वतःला लावली होती. आयुष्यभर ज्या गावाचं नाव काढत राहिले, ते गाव आपल्याला धरून ठेवतंय का, हे गवत ठरवणार होतं.

अक्काला विचारलं, तर म्हणाली, "मला काय विचारतोस? यांच्या पायांना विचार."

पावसाळाभर दाजी ओट्यावर खुर्ची टाकून फाटकाकडे बघत बसले. मी जाईन तेव्हा चिखलात घसरायचो. एकदा तर स्कूटरसकट आडवा झालो. दाजी धावत आले आणि आधी मी कुठे घसरलो ते निरखून बघितलं, मग मला उठवलं. गवत गुडघ्याला लागलं. पोस्टमन फाटकातूनच हाक मारायचा. वीजबिलवाला बिल फाटकाला अडकवून जायचा.

गणपतीत निखिल येणार होता. दाजींनी फाटक सकाळपासून उघडं ठेवलं. दुपारी फोन आला. हायवेला गाड्या तुंबल्यात, पोरांची परीक्षा आहे, दिवाळीला नक्की. दाजी म्हणाले, "बरं, बरं. सावकाश या."

आमच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन उरकून मी दुसऱ्या दिवशी तिकडे गेलो. दाजी ओट्यावरच होते. समोर हिरवं गवत, मधे माझ्या स्कूटरची एक वाकडी रेघ.

"साइट चुकली रे," ते म्हणाले. आवाज अगदी कार्यालयीन. "दसरा झाला की कुलूप लावू."

मी नुसती स्कूटरची किल्ली फिरवत बसलो. माझं असं ऐन वेळी होतं. तेवढ्यात अक्काने आतून हाक मारली, "जेवायला बसायचंय. मागनं केळीची पानं काढून आण." मी सुटल्यासारखा उठलो.

परसात गेलो आणि थबकलो.

मागच्या दगडी गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीला, एके ठिकाणी वरचे दोन-तीन दगड ढासळलेले होते. तिथून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गवतात वाट पडली होती. लालसर, घट्ट, चांगली मळलेली. केळीला वळसा, कढीपत्त्यापाशी जरा रुंद, मग सरळ दार.

"दाजी!" मी ओरडलो. "पाय!"

दाजी आले. खाली बसले, वाटेच्या दोन्ही कडांना हात लावून बघितला. मग म्हणाले, "एकेकट्या येत नाहीत. रुंदी बघ. दोघी-दोघी येतात, बोलत बोलत." आणि कढीपत्त्यापाशी बोट दाखवून, "इथं थांबतात. निरोप संपत नाही म्हणून."

तेवढ्यात वरच्या घरची यशोदाबाई गडग्यावरून पाय टाकून आत आली. मागे तिची जाऊ. दाजींना असं मातीत बसलेलं बघून दोघी चपापल्या.

"सायब, काय पडलंय का?"

"यशोदाबाई, तुम्ही रोज इथून येता?"

"मंग कुठनं? वयनीकडं ब्लड प्रेशरची गोळी कंची ती इचारायची असते, फोन लावायचा असतो. कवा नुसतं बसाय."

"फाटकातून का नाही येत?"

यशोदाबाईने जावेकडे बघितलं. "त्ये लांब पडतं. आन् फाटकासमोर तुमी बसलेले असता, पाय बघत. लाज वाटती ना वो!"

जाऊ पदराआडून फिसकन हसली. अक्का दारात येऊन उभी होती.

"मला आवाज यायचे," दाजी तिला म्हणाले, "पण मला वाटलं, तू फोनवर बोलतेस."

"मला विचारलंत का कधी? तुम्ही पुढं बसून गवत बघत होतात. मी मागं माणसांत होते."

"गो वयनी, हे खरंच कुलूप लावून जानार काय?" यशोदाबाईने विचारलं. "मंग गोळी कोन सांगल?"

दाजी उठले, धोतर झटकलं आणि त्या ढासळलेल्या जागेपाशी जाऊन गडग्याचे दगड उतरवायला लागले. एकेक दगड नीट बाजूला रचत. "रस्ता हलवायचा नसतो," ते मला म्हणाले, "दार हलवायचं असतं. ये, हात लाव. नाहीतर बाजूला हो, वाटेत उभा आहेस."

आता त्या जागी लाकडी झापा आहे, ढकलून उघडायचा, कडी नसलेला. वाटेवर फरशी आली, केळीचा वळसा तसाच ठेवून. कढीपत्त्याखाली बाक. दाजींची खुर्ची परसात गेली. कुलपाचा विषय पुन्हा निघाला नाही. यशोदाबाई त्यांना हल्ली दटावते, "सायब, आदी त्वांडाकडं बगा!"

दिवाळीच्या आधी एकदा निघताना मी विचारलं, "मग आता पुढचं फाटक बंदच करायचं का?"

"राहू दे," दाजी म्हणाले. "त्याला काही खायला लागत नाही."

स्कूटर काढली तेव्हा माझं लक्ष गेलं. फाटकापासून ओट्यापर्यंत गुडघाभर गवतात दोन सरळ पट्टे कापलेले होते, विळ्याने, समांतर. मधलं गवत तसंच. दोन पट्ट्यांतलं अंतर मोठ्या गाडीच्या चाकांएवढं. जन्मभर माणसांच्या आधी वाट न आखलेल्या माणसाने आखलेली ती वाट होती.

स्कूटरला एकच पट्टा पुरतो. जाताना मी डावीकडच्या पट्ट्यातून गेलो, आणि पुढच्या रविवारी येताना उजवीकडच्या.