जमिनीला पाय न लावता

आत्माराम मयेकरांना सायकल येत होती, फक्त तिच्यावरून उतरता येत नव्हतं. ही गोष्ट त्यांची बायको कमळा सोडली तर रत्नागिरीत कोणाला माहीत नव्हती. कमळाने ती बाहेर सांगितली नव्हती, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

सायकल ते वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शिकले. सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर बसणारा, उंचीने बेताचा आणि पोटाने सढळ माणूस पंधरा दिवसांत इतकं शिकला हेच खूप होतं. शाळेमागच्या मैदानावर रोज सकाळी कमळा कॅरियर धरून त्यांना चढवायची. ते चार फेऱ्या मारायचे आणि "आलो गं!" म्हणून ओरडायचे. मग ती पदर खोचून पुढे यायची, हँडल धरायची आणि ते उतरायचे. एकदा ती दूधवाल्याशी बोलत राहिली, त्या दिवशी आत्माराम साडेआठपर्यंत फिरत होते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर शहाऐंशी सालच्या जानेवारीत रत्नदीप सेवा मंडळाने रत्नागिरी ते मालगुंड सायकल फेरी काढली होती. कर्करोगाच्या संशोधनाला निधी द्यायचा होता. स्वाराने आपापले देणगीदार गाठायचे, आणि तो जितके किलोमीटर जाईल तितक्या किलोमीटरचे पैसे त्यांनी द्यायचे. कचेरीत परिपत्रक फिरलं तेव्हा सगळ्यांनी ते वाचून पुढच्या टेबलावर सरकवलं. आत्मारामांनी सही केली. तेव्हा त्यांना सायकलवर चढताही येत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची थोरली वहिनी, यमुनाबाई, त्याच दुखण्याने गेली होती. आई लवकर गेलेल्या आत्मारामांना तिनेच वाढवलं होतं. ती मुंबईच्या इस्पितळात होती तेव्हाही घरात कोणी त्या रोगाचं नाव घेतलं नाही, आणि ती गेल्यावर तर थोरले भाऊ भागोजी यांनी बोलणंच टाकलं. ते मालगुंडला एकटेच राहत. आत्मारामांनी त्यांना फेरीचं आणि मालगुंडच्या मांडवातल्या समारंभाचं पत्र टाकलं, त्याचं एका ओळीचं उत्तर आलं : "मांडवात मी येणार नाही. तू संभाळून ये."

"निघताना मारुती मंदिरापाशी चढवायला मी येते," कमळा म्हणाली. "मालगुंडला धरील कोण?"

"गडगे आहेत की!" आत्माराम म्हणाले.

हा शोध त्यांनी दोनच दिवसांपूर्वी लावला होता. आपल्याकडे रस्त्याच्या कडेने जांभ्या दगडाचे गुडघ्या-कमरेएवढे गडगे घातलेले असतात. सायकल हळूच गडग्याला लावायची, एक पाय वर टेकायचा, की माणूस उतरला. मालगुंडपर्यंतच्या जवळजवळ पन्नास किलोमीटरमध्ये गडग्यांना तोटा नव्हता.

अडचण आली ती सायकलची. भाड्याची सायकल गावाबाहेर न्यायला दुकानदार तयार होईना. शेवटी शेजारच्या काशीरामने आपली दिली. ती चोवीस इंची होती, महिन्याभरापूर्वी घेतलेली, आणि दांड्यावरचा कागदसुद्धा त्याने अजून काढलेला नव्हता. सीट पार खाली घेतली तरी आत्मारामांचे पाय जमिनीपासून वीतभर वरच राहत.

"न्या तुम्ही," काशीराम सायकलीवरून फडकं फिरवत म्हणाला, "पण पडू नका हो. म्हणजे तुम्ही पडलात तर काय, आपण डॉक्टरकडे जाऊ. पण सायकल पडायला नको."

"नाही पडणार," आत्माराम म्हणाले, आणि हा शब्द त्यांनी मनावर घेतला.

फेरी सकाळी सात वाजता निघाली. सतरा स्वार होते. पुढे जीप, जीपवर कर्णा, आणि आत माइक घेऊन मंडळाचे अध्यक्ष हरिश्चंद्र भाटकर. जीपवर कापडी फलक होता : 'दुर्धर आजार निर्मूलनार्थ'. आजाराचं नाव लिहून बाजारपेठेतून फिरवणं बरं दिसत नाही, असं तीन सभासदांचं म्हणणं पडलं होतं. मागच्या सीटवर देणग्यांची पेटी होती. कमळाने आत्मारामांना चढवलं, पाच पावलं बरोबर पळाली आणि सोडून दिलं.

कुवारबावला पहिला थांबा होता. चहा होता, आणि शाळेची मुलं फुलं घेऊन उभी होती. आत्मारामांनी लांबूनच एक छान, सरळ गडगा हेरला. जवळ गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सगळी मुलं गडग्याला पाठ लावूनच उभी आहेत. दोन्ही बाजूंना. बाईंनी त्यांना रस्त्यात यायचं नाही म्हणून बजावलं होतं. आत्मारामांनी घंटी वाजवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी आणखी जोरात घंटी वाजवली, तेव्हा मुलांनी फुलं उधळली. पुढच्या क्षणी मुलं संपली, गडगाही संपला, आणि आत्माराम एकटेच हातखंब्याच्या रस्त्याला लागले होते. बाकीचे सोळा जण चहा पीत होते.

"मयेकर थांबले नाहीत!" कर्ण्यावर भाटकरांचा आवाज आला. "चहासुद्धा न घेता मयेकर पुढे गेलेले आहेत!" आणि जीप लगबगीने त्यांच्या मागे निघाली.

हातखंब्यापासून निवळीपर्यंत हमरस्ता. तिथे मालट्रकच्या वाऱ्यानेच माणूस हलतो, त्यामुळे उतरायचा विचार त्यांनी निवळी फाट्यावर ढकलला. फाट्यावर वडाला पार होता, तो त्यांना पाठ होता. पार तसाच होता, पण आज त्यावर टेबल होतं, टेबलावर चादर होती आणि चादरीमागे सरपंच बसले होते. आत्माराम एक पाय लांब करून पाराकडे वळले. हा माणूस आपल्याकडेच येतोय हे पाहून सरपंच हार घेऊन उठले, आणि पाराच्या अगदी कडेवर, नेमके जिथे पाय टेकायचा तिथे, येऊन उभे राहिले. हार गळ्यात पडला. पाय टेकायला जागा उरली नाही. सरपंच हात जोडून उभे राहिले आणि आत्माराम झेंडूच्या फुलांतून जमेल तेवढा रस्ता बघत पुढे गेले.

"नमस्कारालासुद्धा थांबला नाय," सरपंच भारावून म्हणाले.

इतका वेळ भाटकर विचारात होते. त्यांनी माइक तोंडाशी धरला. "बंधुभगिनींनो, मयेकरसाहेबांनी पण केलेला आहे! मालगुंड येईपर्यंत जमिनीला पाय लावणार नाहीत!"

आत्मारामांनी असा पण कोणाजवळ बोलून दाखवला नव्हता. पण नाही म्हणायला मागे वळून बघावं लागलं असतं, आणि मागे वळून बघायचा धडा अजून व्हायचा होता.

त्यांना चढावर खरी तहान लागली. पुढे एवढे चढ आहेत हे एसटीतून जाताना कधी जाणवलं नव्हतं. अशा ठिकाणी भलेभले उतरून सायकल हातात धरून चालतात. आत्मारामांना ती सोय नव्हती. ते रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जात राहिले आणि प्रत्येक वळणाला काशीरामचं फडकं डोळ्यांपुढे आणत राहिले. एका घरासमोर एक म्हातारी तांब्या घेऊन उभी होती.

"वाईच थांब रे बाबा, पानी पी!"

"थांबता येत नाही, आजी!" आत्माराम कळवळून म्हणाले.

"ऐकलंत?" कर्णा म्हणाला. "थांबता येत नाही! केवढी ही तळमळ!"

जाकादेवीच्या अलीकडे देव धावला असं त्यांना वाटलं. रस्त्याच्या मध्यावर गवताने भरलेली बैलगाडी उभी होती. मागून जाऊन तिचा दांडा धरायचा, की सायकल आपोआप थांबली. पडलंच तर गवतात. आत्मारामांनी पायडल मारणं सोडलं आणि हात पुढे केला. पण कर्ण्याचा आवाज त्यांच्याआधी जाकादेवीत पोचला होता.

"गाडी काढा! गाडी काढा! त्या मानसाचा पण मोडंल!"

चार जण धावले. दोघांनी बैल ओढले, दोघांनी मागून खांदा लावला, आणि आत्मारामांची बोटं दांड्यापासून हातभर असताना गाडी बाजूच्या मळ्यात उतरली. लोकांनी रस्ता मोकळा करून दिला. सगळे अगदी आदराने बाजूला झाले.

आता मात्र आत्मारामांनी लाज सोडली.

"धरा!" ते ओरडले. "धरा हो! कोणीतरी धरा!"

कर्णा खरखरत होता, बैल बिथरले होते. भाटकरांनी कानावर हात आडवा धरून ऐकलं. "मयेकरसाहेब काय म्हणतायत बघा! भरा! पेटी भरा म्हणतायत! या अवस्थेतही त्यांना पेटीची काळजी आहे!"

"धरा!" आत्माराम रडकुंडीला येऊन ओरडले.

लोकांनी पेटी भरली. ज्याच्या खिशात जे होतं ते आलं. गवताच्या गाडीवाल्याने मळ्यातूनच पैसे पाठवले. पुढे चाफे गावात तर लोक कर्णा ऐकून आधीच पैसे हातात घेऊन उभे होते, आणि आत्माराम जितके जिवाच्या आकांताने ओरडत तितकी पेटी जड होत होती.

गणपतीपुळ्याचा उतार त्यांनी दोन्ही ब्रेक आवळून, डोळे निम्मे मिटून काढला. देवळाचा कळस दिसला तेव्हा हात जोडायची सोय नव्हती, म्हणून मान झुकवली. सायकल डावीकडे गेली, तेव्हा मान वर केली. मालगुंडात मांडव होता, फीत होती, सनई होती. फीत त्यांच्या छातीला लागून तुटली, दोन्ही बाजूंचे लोक मागे सरले आणि आत्माराम मांडवात एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडले.

"आता कुठे चालले?" कोणीतरी विचारलं.



मांडवापलीकडचा रस्ता भागोजींच्या घरावरून जातो. भागोजी बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या आडव्या बांबूंशी, उभे होते. मांडवात जायचं नव्हतं, पण सकाळपासून तिथून ते हलले नव्हते. समोरून येणारा हार, त्यामागची मान आणि लोंबकळणारे पाय त्यांनी पाहिले. मग शांतपणे रस्त्याच्या मध्ये आले, पाय रोवून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. सायकल थांबली.

"उतर," ते म्हणाले.

आत्माराम उतरले. पाय जमिनीला लागले तेव्हा ते आपलेच आहेत हे पटायला थोडा वेळ गेला.

"उतरता येत नाय ना तुला?"

"नाय."

"मग आधी कुणाला सांगायचं नाय?"

"सांगतच आलो, दादा. जाकादेवीपासून ओरडतोय."

भागोजी सायकलकडे बघत राहिले. "फणसावर चढायचास तेव्हा असाच," ते म्हणाले. "वर जाऊन बसायचास नि मग हाका मारायचास. शिडी घेऊन तीच यायची."

दोन वर्षांत ते इतकं लांब बोलले नव्हते. आत्मारामांनी गळ्यातला हार काढून भावाच्या हातात दिला. भागोजी तो घेऊन आत गेले. भिंतीवर यमुनावहिनीचा फोटो होता. बाहेर आले तेव्हा हातात हार नव्हता. त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या.

"चल. लोक खोळंबलेत."

एका हाताने सायकल आणि दुसऱ्याने भावाचा दंड धरून ते मांडवात आले. भाटकर पुढे झाले आणि म्हणाले, "या दुर्धर आजारासाठी आपल्या बंधूंनी..."

"कॅन्सर," भागोजी म्हणाले. माइक जवळच होता, त्यामुळे सगळ्या मालगुंडाला ऐकू गेलं. "कॅन्सर म्हणतात त्याला. माझी बायको त्यानं गेली. नाव घ्या, म्हणजे लोकांना कळंल तरी पैसे कशाला दिले ते."

सनई थांबली. मग मागून एक बाई उठली आणि म्हणाली, "माझी आई पन." आणखी एक जण उठला. भाटकरांनी सत्काराची शाल उलगडली होती तिची परत घडी केली, आणि पहिल्यांदाच माइक खाली ठेवून ऐकत बसले.

सायकल एसटीच्या टपावरून घरी आली. काशीरामने तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि एकही ओरखडा नाही हे पाहून आत्मारामांची तब्येत विचारली.

त्या उन्हाळ्यात आत्माराम आठ दिवस मालगुंडला राहिले. भागोजींनी त्यांना समुद्रावरच्या घट्ट वाळूत उतरायला शिकवलं. पाय मागून कसा टाकायचा, पायडलवर भार कसा द्यायचा, सगळं. परत आल्यावर आत्मारामांनी स्वतःची जुनी, बावीस इंची सायकल घेतली आणि कचेरीत जाताना कारण नसतानाही चार ठिकाणी उतरू लागले.

पुढच्या जानेवारीत फेरीला त्रेसष्ट स्वार आले. जीपवरच्या फलकावर या खेपेस आजाराचं नाव ठसठशीत होतं. मंडळाने नियमही छापले होते. आत्मारामांनी ते वाचले नाहीत, कारण फेरी आपल्याला पाठ आहे असं त्यांना वाटत होतं. सगळ्यांच्या पुढे राहून ते कुवारबावला पोचले, मुलांच्या रांगेसमोर वेग कमी केला, उजवा पाय ऐटीत मागून टाकला आणि फुलासारखे खाली उतरले.

टाळ्या पडल्या नाहीत. भाटकर जीपमधून उतरून आले. त्यांच्या हातात छापील कागद होता आणि चेहरा दुःखी होता.

"मयेकरसाहेब, नियम क्रमांक चार," ते म्हणाले. " 'स्वाराने वाटेत कोठेही जमिनीला पाय लावू नये.' अहो, तुमचाच आदर्श म्हणून घातला होता आम्ही." आणि डोळे पुसून त्यांनी यादीतलं पहिलं नाव खोडलं.

आत्मारामांनी मान हलवली. त्यांचं लक्ष जीपच्या मागे कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे होतं.

"ते असू दे हो," ते म्हणाले. "उतरतानाचा फोटो निघाला का? नसेल तर परत चढतो आणि परत उतरून दाखवतो."